ऑडिओ सीडी बिनचूक रिप करायची तर ड्राइव्हची सेटिंग कशी लावायची

सीडीवरची फाइल कॉपी करणं आणि सीडीवरचं गाणं रिप करणं, म्हणजे संगणकावर फाइल म्हणून उतरवून घेणं, ही दिसायला सारखी, पण आतून वेगळी कामं आहेत. डेटा सीडीवर प्रत्येक सेक्टरला, म्हणजे माहितीच्या ठरावीक तुकड्याला, स्वतःचा पत्ता असतो, शिवाय चूक पकडायला आणि दुरुस्त करायला जादा बाइट राखलेले असतात. म्हणूनच २३५२ बाइटच्या सेक्टरमध्ये प्रत्यक्ष माहिती २०४८ बाइटच बसते. ऑडिओ सीडीत ते सगळेच्या सगळे २३५२ बाइट आवाजाला दिलेले असतात. १९८०चं रेड बुक, म्हणजे ऑडिओ सीडीचं मानक, सीडी प्लेयर डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे, आणि प्लेयरचं काम न थांबता वाजवत राहण्याचं. एखादं सॅम्पल, म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं मोजमाप, वाचता आलं नाही तर आजूबाजूच्या सॅम्पलवरून अंदाजानं ते भरायचं आणि पुढं जायचं. कानाला ते बहुतेकदा कळतही नाही.

अडचण अशी की संगणकातला ड्राइव्हही असंच काहीतरी चुकीचं हाती देतो आणि वर ‘वाचलं’ असं सांगतो. खाली दिलेली प्रत्येक सेटिंग ड्राइव्हच्या अशा एकेका सवयीवर उपाय आहे. कुठली टिक कशासाठी हे समजलं की दुसरा ड्राइव्ह आणला तरी अडत नाही. नाहीतर कुणाच्या तरी स्क्रीनशॉटवरून टिका उतरवून काढल्या जातात आणि त्या नेमक्या दुसऱ्याच ड्राइव्हच्या असतात.

हिशेबासाठी चार आकडे लक्षात ठेवा. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, एक सॅम्पल डाव्या-उजव्या चॅनलचं मिळून ४ बाइटचं, सेकंदाला ७५ सेक्टर आणि एका सेक्टरमध्ये ५८८ सॅम्पल.

इथं मुख्यतः विंडोजवरच्या एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी ह्या रिपिंगच्या प्रोग्रॅमची, म्हणजे ईएसीची, नावं वापरली आहेत, कारण ड्राइव्हची सगळी सेटिंग त्यात उघड्यावर मांडलेली असतात. मॅक आणि लिनक्ससाठी काय बदलतं ते पुढं येईल.

आधी ड्राइव्हचं खरं नाव बघा

खोक्यावरच्या ब्रँडला इथं काही अर्थ नाही. ड्राइव्ह स्वतःची ओळख संगणकाला जी देतो ती पाहिजे. ईएसीच्या मुख्य खिडकीत वरच्या यादीत ती दिसते, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्येही. ‘एचएल-डीटी-एसटी’ म्हणजे हिताची-एलजी डेटा स्टोरेज, ‘टीएसएसटीकॉर्प’ म्हणजे तोशिबा-सॅमसंग, ‘मात्शिता’ म्हणजे पॅनासॉनिक, ‘पीएलडीएस’ म्हणजे फिलिप्स आणि लाइट-ऑन. एकाच कारखान्याचा ड्राइव्ह पाच वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, आणि एकाच ब्रँडच्या दोन मॉडेलांत दोन कारखान्यांचे ड्राइव्ह निघतात. ओळखीची ती पूर्ण ओळ मॉडेल क्रमांकासकट उतरवून घ्या. ऑफसेट शोधताना तीच लागणार आहे.

बाहेरचा, यूएसबीवर चालणारा पातळ ड्राइव्ह असेल तर एक गोष्ट आत्ताच बघून टाका. डिस्क फिरायला लागताना त्याला झटक्यात जास्त वीज लागते. साध्या यूएसबी हबवर किंवा लांब केबलवर तेवढी मिळाली नाही की ड्राइव्ह मध्येच गायब होतो नाहीतर वाचनात चुका दिसायला लागतात, आणि आपण उगीच सीडी पुसत बसतो. ड्राइव्ह थेट संगणकाच्या पोर्टला लावा. दोन यूएसबी टोकांची केबल सोबत आली असेल तर दोन्ही टोकं जोडा.

ईएसी पहिल्यांदा सुरू केल्यावर विझार्ड येतो. त्यात वेगापेक्षा अचूकता हवी असा पर्याय घ्या आणि शेवटी ‘एक्सपर्ट’ निवडा. बिगिनर मोडमध्ये लागणारे निम्मे पर्याय दिसतच नाहीत.

ऑफसेट

सगळ्यात जास्त गोंधळ ह्याच आकड्याबद्दल असतो, म्हणून थोडं सविस्तर.

ऑडिओ सेक्टरला स्वतःचा पत्ता नसल्यामुळं ‘आपण कुठं आहोत’ हे ड्राइव्हला क्यू सबचॅनलवरून, म्हणजे आवाजाच्या बरोबरीनं नोंदलेल्या जागेच्या माहितीवरून, कळतं. आवाजाचा डेटा मात्र चूक-दुरुस्तीच्या यंत्रणेतून उलगडून बाहेर येतो आणि त्याला वेगळा वेळ लागतो. ह्या दोन वाटांमधला फरक ड्राइव्हनं भरून काढायला हवा, पण बहुतेक ड्राइव्ह तो नेमका भरत नाहीत. परिणामी शून्यावा सेक्टर मागितला की ड्राइव्ह जरा अलीकडचा किंवा पलीकडचा डेटा देतो. किती सॅम्पलांनी, ते त्या मॉडेलपुरतं ठरलेलं असतं आणि दर वेळी तेवढंच राहतं. ह्या ठरलेल्या चुकीलाच रीड ऑफसेट म्हणतात.

+६, +३०, +१०२, +६६७ हे नेहमी भेटणारे आकडे. लाइट-ऑनच्या बऱ्याच ड्राइव्हांचा +६, प्लेक्सटरच्या जुन्या नावाजलेल्या ड्राइव्हांचा +३०, आणि +६६७ हिताची-एलजी व पायोनियरच्या कित्येक मॉडेलांचा. अधिक चिन्हाचा अर्थ असा की ड्राइव्ह तितकी सॅम्पल अलीकडून सुरुवात करतो, म्हणून वाचन तितकं पुढं सरकवायचं.

६६७ सॅम्पल म्हणजे जेमतेम १५ मिलिसेकंद. ऐकून हा फरक कुणालाही कळणार नाही. मग एवढा आटापिटा कशाला? कारण ऑफसेट बरोबर असल्याशिवाय आपली रिप दुसऱ्या कुणाच्या रिपशी पडताळून बघता येत नाही. ॲक्युरेटरिप नावाच्या डेटाबेसमध्ये जगभरच्या लोकांनी केलेल्या रिपांचे चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे, जमा आहेत. एका सॅम्पलचा जरी फरक असला तरी चेकसम पूर्ण बदलतो. आपलाच ड्राइव्ह दोनदा वाचून एकच उत्तर देत असेल तर तो सातत्यानं चुकतोय अशीही शक्यता उरते. वेगळ्या ड्राइव्हवर, वेगळ्या प्रतीवर वाचून तेच उत्तर आलं तर ती शक्यता जवळपास संपते.

आकडा मिळवायचे मार्ग तीन.

पहिला, सगळ्यात सोपा: लोकप्रिय, भरपूर खपलेली एखादी मूळ कारखान्यात छापलेली सीडी घाला. ॲक्युरेटरिपला ती ओळखीची असली तर ईएसी स्वतःच ड्राइव्हचा ऑफसेट शोधून विचारतं, होकार द्या. त्यानंतर ड्राइव्ह ऑप्शन्समधल्या ‘ऑफसेट/स्पीड’ टॅबवर ‘यूज ॲक्युरेटरिप विथ धिस ड्राइव्ह’ला टिक दिसते आणि आकडा आपोआप भरला जातो. घरी जाळलेली सीडी-आर ह्यासाठी चालत नाही. जाळणाऱ्या ड्राइव्हचाही स्वतःचा राइट ऑफसेट असतो आणि तो ह्यात मिसळतो.

दुसरा: ॲक्युरेटरिपच्या ड्राइव्ह यादीत वर उतरवलेली ओळ शोधा आणि आकडा हातानं भरा. चिन्ह नीट बघा. +६६७ च्या जागी -६६७ गेला तर चूक दुरुस्त होण्याऐवजी दुप्पट होते, १३३४ सॅम्पलांची.

तिसरा मार्ग ड्राइव्ह यादीत नसेल तेव्हाचा. ऑफसेट ० ठेवून चार-पाच वेगवेगळ्या लोकप्रिय सीडी रिप करा आणि त्या क्यूटूल्स ह्या रिप पडताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पडताळा. क्यूटूल्स डेटाबेसमधल्या इतर छपायांशीही तुलना करतं आणि किती सॅम्पलांनी सरकवल्यावर जुळतं तो आकडा दाखवतं. सगळ्या सीडींना एकच आकडा आला तर तो ड्राइव्हचा. दर सीडीला वेगळा आला तर तो फरक छपायांचा आहे, ड्राइव्हचा नव्हे: एकच अल्बम वेगवेगळ्या मास्टरवरून छापला की त्याची सुरुवात थोडी इकडं-तिकडं होते. एकाच सीडीवर भरवसा ठेवून ऑफसेट बदलू नका.

यादीतल्या आकड्यांचा मूळ संदर्भच ३० सॅम्पलांनी सरकलेला आहे असं पुढं लक्षात आलं. ह्यावर वाद घालणारे भेटतील. दुर्लक्ष करा, सगळे एकाच संदर्भावर मोजतायत तोवर जुळणीत काहीही बिघडत नाही, आणि आपला आकडा एकट्यानं बदलला तर बिघडतं.

ऑफसेटशी जोडलेली आणखी एक टिक म्हणजे ‘ओव्हररीड इनटू लीड-इन अँड लीड-आउट’. वाचन ६६७ सॅम्पल पुढं सरकवलं की शेवटच्या ट्रॅकच्या टोकाला सीडीच्या संगीताच्या हद्दीबाहेर, लीड-आउटमध्ये, तेवढं वाचावं लागतं. बहुतेक ड्राइव्हांना ते जमत नाही. जमत नसताना टिक केलीत तर शेवटच्या ट्रॅकच्या अगदी अखेरीस ड्राइव्ह घरघरत राहतो, चुका नोंदवतो किंवा अडकतो. म्हणून टिक काढून ठेवा आणि ईएसी ऑप्शन्समध्ये ‘फिल अप मिसिंग ऑफसेट सॅम्पल्स विथ सायलेन्स’ चालू करा. न मिळालेल्या टोकाला शांतता भरली जाते, ट्रॅकची लांबी बरोबर राहते. तिथं मुळात जवळपास नेहमी शांतताच असते. ॲक्युरेटरिपही ह्याच कारणानं पहिल्या ट्रॅकची सुरुवात आणि शेवटच्या ट्रॅकचे अखेरचे ५ सेक्टर, म्हणजे २९४० सॅम्पल, मोजणीत धरत नाही.

सिक्युअर मोड आणि त्याच्या तीन टिका

एफ१० दाबा, ड्राइव्ह ऑप्शन्स उघडतं. ‘एक्स्ट्रॅक्शन मेथड’ टॅबवर ‘सिक्युअर मोड’ निवडा. ह्या मोडमध्ये ईएसी प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचतं. दोन्ही वाचनं जुळली नाहीत तर तोच भाग १६ वेळा वाचतं आणि त्यातली ८ एकसारखी आली तर ते उत्तर धरतं. नाही आली तर पुन्हा १६. ‘एरर रिकव्हरी क्वालिटी’ लो, मीडियम, हाय असेल त्याप्रमाणे ही फेरी १, ३ किंवा ५ वेळा होते, म्हणजे अगदी वाईट सेक्टर ८२ वेळा वाचला जातो. तेव्हा खिडकीतले लाल दिवे एकेक पेटत जातात, ड्राइव्हचा आवाज खाली उतरतो आणि वेग शून्याच्या आसपास येतो. हे बिघाडाचं लक्षण नाही. यंत्रणा काम करत असल्याचं आहे. क्वालिटी ‘हाय’ ठेवा.

आता त्याखालच्या टिका. ‘डिटेक्ट रीड फीचर्स’ बटण दाबायच्या आधी ओरखडे नसलेली, मूळ सीडी घाला. खराब सीडीवर केलेल्या चाचणीचा निकाल कुठल्याच बाजूनं खरा मानता येत नाही.

‘ॲक्युरेट स्ट्रीम’ म्हणजे ड्राइव्ह वाचन थांबवून पुन्हा सुरू करताना नेमक्या त्याच जागी परततो. जुन्या ड्राइव्हांत ते होत नसे, दर वेळी थोडं मागं-पुढं व्हायचं आणि जोडावर टिक-टिक ऐकू यायची. ह्यालाच जिटर म्हणत. आजचा जवळपास प्रत्येक ड्राइव्ह इथं पास होतो.

‘ड्राइव्ह कॅशेज ऑडिओ डेटा’ ही टिक सगळ्यात महत्त्वाची. ड्राइव्हमध्ये स्वतःची मेमरी, म्हणजे कॅशे, असते. पहिलं वाचन डिस्कवरून होतं; दुसऱ्यांदा तोच सेक्टर मागितला की ड्राइव्ह डिस्ककडं वळतच नाही, मेमरीतलं उत्तर परत देतो. दोन्ही उत्तरं साहजिकच तंतोतंत जुळतात, चूक असली तरी. दोन साक्षी घेतल्या असं आपल्याला वाटतं, पण साक्षीदार एकच. टिक केली की ईएसी दोन वाचनांच्या मध्ये दुसरीकडचा भरपूर डेटा वाचून मेमरी धुऊन टाकतं आणि दुसरं वाचन खरंच डिस्कवरून होतं. त्यामुळं वेग बराच घटतो आणि ड्राइव्ह सतत हेलपाटे घालताना ऐकू येतो.

स्वयंचलित चाचणी इथं कधीकधी ‘कॅशे नाही’ असं सांगते आणि तो असतो. शंका असली तर टिक करा. गरज नसताना केली तर फक्त वेळ जातो. गरज असताना काढली तर सिक्युअर मोड नावापुरता उरतो. हातानं खात्री करायची एक साधी खूण आहे: टिक काढून सिक्युअर मोडमध्ये रिप करा. दर सेक्टर खरोखर दोनदा वाचला जात असेल तर वेग बर्स्ट मोडच्या, म्हणजे एकदाच वाचून पुढं जाणाऱ्या मोडच्या, तुलनेत साफ कमी दिसायला हवा. दोन्ही मोडांत वेग जवळपास सारखाच आला तर दुसरं वाचन मेमरीतूनच येतंय.

‘सी२ एरर इन्फर्मेशन’ मोहात पाडणारी सोय आहे. सीडीच्या चूक-दुरुस्तीचे दोन टप्पे असतात, सी१ आणि सी२. दुसऱ्या टप्प्यालाही जो बाइट दुरुस्त करता आला नाही त्यावर ड्राइव्ह खूण करू शकतो. २३५२ बाइटच्या प्रत्येक सेक्टरसोबत २९४ बाइट, म्हणजे दर बाइटला एक बिट. ही टिक केली की ईएसी दोनदा वाचायचं सोडून ह्या खुणांवर विसंबतं आणि वेग वाढतो. खुणा प्रामाणिक असतील तर उत्तमच. पण बऱ्याच ड्राइव्हांच्या खुणा अर्धवट असतात, काही चुका निसटतात, आणि स्वच्छ सीडीवर हे उघड होत नाही कारण तिथं दाखवायला चूकच नसते. ड्राइव्हची सी२ क्षमता तुम्ही ओरखडलेल्या सीडीवर ॲक्युरेटरिपशी ताडून पाहिली नसेल तर ही टिक काढूनच ठेवा.

एवढं झाल्यावर ‘ड्राइव्ह’ टॅबवर जाऊन ‘ऑटोडिटेक्ट रीड कमांड नाऊ’ एकदा चालवा. ड्राइव्ह वाचतोय तोवर इथं दुसरं काही छेडायचं कारण नाही.

वेग

सीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला ७५ सेक्टर, १७६.४ किलोबाइट. ४८एक्स ड्राइव्ह तो वेग फक्त डिस्कच्या बाहेरच्या कडेला गाठतो. आतल्या बाजूला, म्हणजे पहिल्या ट्रॅकवर, तो त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो, कारण डिस्क एकाच गतीनं फिरते आणि आतला घेर लहान असतो. पहिला ट्रॅक हळू जातो म्हणून ड्राइव्ह खराब समजू नका.

हळू वाचलं की नेहमीच अचूक वाचलं जातं, हा समज अर्धाच खरा आहे. चांगल्या सीडीवर फरक पडत नाही. ओरखडलेल्या किंवा जराशा वाकलेल्या सीडीवर ४एक्स ते ८एक्स बऱ्याचदा उपयोगी ठरतं. पण काही ड्राइव्ह मधल्या वेगाला सगळ्यात स्थिर असतात, आणि काही वेग बदलायची आज्ञा ऐकून न ऐकल्यासारखं करतात. त्यामुळं एरवी वेग ‘ॲक्चुअल’ आणि ‘अलाउ स्पीड रिडक्शन ड्युरिंग एक्स्ट्रॅक्शन’ चालू. ट्रॅक अडला तरच हातानं खाली आणा.

डेटाला हात लावणारी सेटिंग बंद करा

एफ९ दाबून ईएसी ऑप्शन्समध्ये एक फेरी मारा. ‘नॉर्मलाइझ’ बंद, तो आवाज वाढवतो म्हणजे प्रत्येक सॅम्पल बदलतो. ‘डिलीट लीडिंग अँड ट्रेलिंग सायलेंट ब्लॉक्स’ बंद. ‘नो यूज ऑफ नल सॅम्पल्स फॉर सीआरसी कॅल्क्युलेशन्स’ बंद, म्हणजे तुमचा सीआरसी (ईएसीनं काढलेला चेकसम) दुसऱ्याच्या लॉगशी, म्हणजे रिपच्या अहवालाशी, ताडता येईल. ‘सिंक्रोनाइझ बिटवीन ट्रॅक्स’ चालू. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ्या एका ट्रॅकमधून दुसऱ्यात वाहत जातात, तिथं जोड तुटत नाही. ‘टूल्स’ टॅबवर रिप झाल्यावर स्टेटस रिपोर्ट आपोआप लिहिण्याची टिक करा. लॉग जपला नाही तर वर्षभरानं कुठली फाइल पडताळलेली आणि कुठली नाही हे सांगता येणार नाही.

फ्लॅक, म्हणजे आवाजाचा एकही बिट न गमावता फाइल लहान करणारा प्रकार, वापरत असाल तर बाहेरच्या कंप्रेसरच्या टॅबवरची ‘आयडी३ टॅग’ (गाण्याचं नाव वगैरे माहिती) जोडण्याची टिक काढा. फ्लॅकची टॅगपद्धत वेगळी आहे. आयडी३ जोडला तर काही प्लेयर फाइल उघडताना अडखळतात. कंप्रेशनच्या ५ आणि ८ ह्या पातळ्यांमध्ये आकाराचा फरक किरकोळ आणि आवाजाचा मुळीच नाही. मात्र एन्कोड केल्यावर पडताळणी करण्याची सूचना कमांडमध्ये जरूर ठेवा.

गॅप आणि पहिल्या ट्रॅकआधीचं गाणं

दोन ट्रॅकमधल्या गॅपची नोंद सबचॅनलमध्ये असते. ‘गॅप डिटेक्शन’ टॅबवर अचूकता ‘सिक्युअर’ करा, पद्धत ‘ए’ पासून सुरुवात करा आणि सीडी आत असताना एफ४ दाबा. काही सेकंदांत आकडे आले तर ठीक. अडकून बसलं किंवा दर वेळी वेगळे आकडे यायला लागले तर ‘बी’, मग ‘सी’. ॲक्शन मेन्यूत गॅप आधीच्या ट्रॅकला जोडण्याचा मूळ पर्याय तसाच राहू द्या. गॅपमधला आवाज त्यामुळं हरवत नाही, फक्त आधीच्या ट्रॅकच्या शेवटाला जातो.

पहिल्या ट्रॅकचा गॅप तेवढा वेगळा. त्याच्या आधी कुणी ट्रॅक नाही, त्यामुळं तिथलं काही आपोआप रिप होत नाही. एक-दोन सेकंदांचा असेल तर सोडून द्या. मिनिटा-दोन मिनिटांचा दिसला तर तिथं लपवलेलं गाणं असण्याची शक्यता मोठी. ‘कॉपी रेंज’नं तो तुकडा वेगळा काढा. ॲक्युरेटरिप हा भाग तपासत नाही, म्हणून दोनदा काढून सीआरसी स्वतः जुळवा.

प्री-एम्फसिसचा रकानाही ह्याच वेळी बघून घ्या. १९८०च्या दशकातल्या काही सीडींवर वरच्या पट्ट्या मुद्दाम वाढवलेल्या असतात आणि प्लेयरनं त्या परत खाली आणायच्या असतात. रिप केलेल्या फाइलमध्ये तसं होत नाही, गाणं कानाला टोचतं. क्यू शीट, म्हणजे ट्रॅकांची मांडणी नोंदणारी फाइल, ठेवलं तर खूण त्यात राहते. फाइल सुधारायची ती नंतर, मूळ रिप तशीच जपून.

रिप करा आणि लॉग वाचा

सगळे ट्रॅक निवडून ‘टेस्ट अँड कॉपी’ चालवा: एफ६, किंवा थेट फ्लॅकमध्ये हवं असेल तर शिफ्ट-एफ६. ईएसी प्रत्येक ट्रॅक आधी फाइल न लिहिता वाचतं, मग पुन्हा वाचून लिहितं, आणि दोन सीआरसी शेजारी ठेवतं. वेळ दुप्पट लागतो. ॲक्युरेटरिपमध्ये नसलेल्या सीडीसाठी मात्र हाच एक आधार आहे.

लॉगमध्ये ‘ट्रॅक क्वालिटी’ ९९.७ टक्के दिसली की लोक घाबरतात. ती आवाजाची प्रत नाही; काही सेक्टर जादा वेळा वाचावे लागले एवढंच ती सांगते. सीआरसी जुळले आणि ॲक्युरेटरिपनंही होकार दिला तर १०० टक्क्यांची रिप आणि ही, दोघींत एका बिटचाही फरक नाही. ‘सस्पिशस पोझिशन’ मात्र गंभीर: तिथं सगळे प्रयत्न संपले आणि ईएसीनं जमेल ते भरलं. सोबत वेळ दिलेली असते, तिथं जाऊन ऐका.

निदान बहुतेकदा नमुन्यावरून होतं. एखाद-दोन ट्रॅक सोडून बाकी सगळे जुळले, तर ते ट्रॅक खराब. एकाच सीडीचे सगळेच्या सगळे जुळले नाहीत पण टेस्ट आणि कॉपीचे सीआरसी सारखे, तर बहुधा छपाई वेगळी. क्यूटूल्समध्ये घालून बघा. कुठलीच सीडी कधीच जुळत नाही, तर ऑफसेट चुकलाय. ‘डेटाबेसमध्ये नाही’ हा दोष नव्हे, तुलनेला कुणी नाही एवढाच त्याचा अर्थ. आणि कॉन्फिडन्स १ दिसला तर हुरळून जाऊ नका. तो आकडा किती रिपांशी जुळलं ते सांगतो. तीच सीडी तुम्ही आधी रिप करून निकाल पाठवला असेल तर तो एकजण तुम्हीच असू शकता.

ह्याची दुसरी बाजूही आहे. कॅशे धुण्यामुळं सिक्युअर मोड फारच रेंगाळत असेल आणि सीडी लोकप्रिय असेल, तर बर्स्ट मोडमध्ये टेस्ट अँड कॉपी करून ॲक्युरेटरिपचा निकाल बघा. जुळलं तर झालं, ती रिप तितकीच खरी. जे ट्रॅक जुळणार नाहीत तेवढेच सिक्युअर मोडमध्ये घ्या.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर एक्सएलडी हा रिपिंगचा प्रोग्रॅम घ्या. प्रेफरन्सेसमध्ये सीडी रिपच्या भागात रिपर मोड ‘एक्सएलडी सिक्युअर रिपर’ ठेवा, ॲक्युरेटरिप चालू करा, ऑफसेट तोच, त्याच चिन्हासह. सी२चा पर्याय वर सांगितलेल्या कारणासाठी बंद.

लिनक्सवर व्हिपर हा प्रोग्रॅम. टर्मिनलमध्ये सीडी घालून आधी ‘व्हिपर ड्राइव्ह ॲनालाइझ’, हे कॅशे चुकवता येतो का ते तपासतं. मग ‘व्हिपर ऑफसेट फाइंड’, त्यासाठी सीडी ॲक्युरेटरिपमध्ये असलेली हवी. दोन्ही निकाल त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये राहतात, दर वेळी करावं लागत नाही. आतून वाचायचं काम सीडी-पॅरॅनॉइया करतं. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत ५८७ पेक्षा मोठा ऑफसेट, म्हणजे एक सेक्टर किंवा त्याहून जास्त, दिला की गडबड होते. +६६७ चा ड्राइव्ह असेल तर आधी ते अद्ययावत करा.

सीडी ऐकतच नसेल तर

आधी पुसा. मऊ, धागे न सुटणारं कापड, गरज पडली तर थोडं पाणी, आणि हात मधल्या भोकाकडून बाहेरच्या कडेकडं सरळ न्यायचा. गोल गोल पुसू नका. सीडीची दुरुस्ती-यंत्रणा सलग साधारण २.५ मिलिमीटर लांबीचा खड्डा पूर्ण भरून काढते. आडवा ओरखडा ट्रॅकला क्षणभर छेदून जातो, म्हणून निभावतो. ट्रॅकच्या दिशेनं गेलेला गोल ओरखडा मात्र एका दमात ही मर्यादा ओलांडतो. छापील बाजूचा ओरखडा दिसायला बारीक असला तरी जास्त घातक असतो. चमकणारा थर लाखेच्या पातळ पापुद्र्याखालीच असतो; तो खरवडला गेला की तिथला डेटा गेला. उजेडासमोर धरून आरपार ठिपके दिसतात का बघा. पॉलिश करून ते भरत नाहीत.

नंतर वेग ८एक्स, मग ४एक्स. तरीही नाही, तर दुसरा ड्राइव्ह. हा उपाय अनेकजण शेवटी करतात आणि तो लवकर करायला हवा, कारण ह्या ड्राइव्हला न उलगडणारा ओरखडा दुसऱ्या बनावटीचा ड्राइव्ह कित्येकदा पहिल्या फटक्यात वाचतो. त्याचा ऑफसेट वेगळा असेल. तो लावला की दोन्ही ड्राइव्हांच्या फाइली एकमेकींत चपखल बसतात, आणि एका ड्राइव्हनं सोडलेला ट्रॅक दुसऱ्यावरून घेऊन अल्बम पुरा करता येतो.

एवढ्यानंही एखाद-दोन ट्रॅक राहिलेच तर पूर्ण अल्बमची रिप, खराब ट्रॅकसकट, क्यूटूल्समध्ये ‘रिपेअर’साठी द्या. त्याच्या डेटाबेसमध्ये चेकसमसोबत दुरुस्तीचा डेटाही साठवलेला असतो, आणि चुका थोड्या जागी असतील तर तो वापरून मूळ बिट परत बसवता येतात. मात्र त्यासाठी सगळे ट्रॅक एकाच ऑफसेटवर घेतलेले, सलग आणि पूर्ण लांबीचे हवेत. टोकाची शांतता कापलेली किंवा आवाज वाढवलेली फाइल तिथं दुरुस्त होत नाही.